खोकणारी गाडी आणि ४०२ मीटर

गाडी शंभर टक्के फिट नसेल तर रेसला उतरूच नये, असं एक मत आहे. ऐकायला भलतं जबाबदार वाटतं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हे मत सगळ्यात ठासून मांडणारा जो मित्र आहे, त्याच्याकडे एक चकाचक इम्पोर्टेड सुपरबाइक आहे आणि गेली तीन वर्षं तो ट्रॅकवर जाणार आहे. पहिल्या वर्षी टायर बदलायचे होते. दुसऱ्या वर्षी सस्पेन्शन. यंदा म्हणे ईसीयूचा मॅप बाकी आहे. गाडी अजून काही शंभर टक्के झालेली नाही. खरं सांगायचं तर होणारही नाही, कारण पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या केलेल्या गाडीत काय कमी आहे ते कळायला मार्गच नसतो.

माझं मत बरोब्बर उलटं आहे. गाडी खोकत असेल, क्लच सुटत असेल, अर्धा-पाऊण सेकंद मागे पडणार हे आदल्या रात्रीच दिसत असेल, तरी उतरावं. निदान ड्रॅग रेसला तरी उतरावंच. आता यात अटी आहेत, बऱ्याच आहेत, आणि त्यांच्यासाठीच आज एवढं लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

ड्रॅग म्हटल्यावर ज्यांना फक्त 'धूम' आठवतो (२००४, त्यानंतर सहा महिने प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी स्वतःला जॉन अब्राहम समजत होतं) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरळ रस्ता. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी, उभ्या जागेवरून सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, लॅप नाही, काही नाही. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणं एकदम सोपं. मंचर-जुन्नरकडे घाटात बैलगाडा पळतो तेव्हा अख्खी जत्रा सेकंदावर बोलत असते. "कितीत आला?" एवढाच प्रश्न. ड्रॅग म्हणजे तेच, फक्त बैलांच्या जागी पिस्टन.

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा एक खांब असतो. त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. पुढचं चाक जमिनीलगतच्या प्रकाशकिरणात आणून गाडी लावायची, मग पिवळे दिवे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल लागतो, आणि मग सामान आवरायचं. इथे एक बारकी गोष्ट आहे जी बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि माझं अर्धं म्हणणं तिच्यावर उभं आहे. तुमच्या धावेचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. तुमचं चाक त्या किरणातून बाहेर पडतं तेव्हा सुरू होतं. दिवा हिरवा होणं आणि चाक हलणं यांच्या मधला वेळ वेगळा मोजतात, तो रिअ‍ॅक्शन टाइम. म्हणजे शेवटी हातात जी चिठ्ठी येते तिच्यावर माणूस आणि मशीन वेगवेगळे छापलेले असतात. एवढा वेळ तुम्ही खाल्लात, एवढा गाडीने खाल्ला. इतका स्वच्छ हिशेब देणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. (अप्रेझलला अशी चिठ्ठी मिळाली असती तर... असो.)

याचा अर्थ असा की गाडी आजारी असली तरी चिठ्ठीतला तुमचा भाग पूर्णच असतो. त्यात सवलत नाही आणि सबबही नाही. आणि कागदावर हळू असलेली गाडी कधीकधी जिंकतेही. समोरच्याने दिव्यापाशी डुलकी घेतली आणि तुम्ही नाही घेतली, तर त्याची गाडी तुमच्यापेक्षा वेगवान असूनही तो हरतो. त्याला 'होलशॉट' म्हणतात.

आता दादाबद्दल. माझा मामेभाऊ कळवणला असतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, इथेही दादाच म्हणू. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत सप्तशृंगी गडाचा पायथा ओलांडला की पुढे कळवण. कांद्याचा तालुका. दादाचं तिथे टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि त्याची उधारी कांद्याच्या भावाबरोबर वरखाली होते. भाव पडला की लोक क्लच प्लेट बदलून घेतात आणि पैसे पुढच्या चाळीचा कांदा निघाल्यावर देतो म्हणतात. दादा वहीत लिहून ठेवतो. त्या वहीचं शेअर मार्केट वेगळंच आहे.

त्याची स्वतःची गाडी आरएक्स १३५. यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, ९६ च्या सुमारास बंद झाली, मग १३५ होती तीही २००५ मध्ये गेली. टू-स्ट्रोक, हलकी, आणि तो आवाज. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगून उपयोग नाही. सिलिंडरच्या पोर्टपासून एक्झॉस्टपर्यंत सगळं काम दादाने स्वतः केलेलं. लोणावळ्याच्या वर अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग भरायला लागल्यापासून आपल्याकडच्या पोरांना कळलं की हे रस्त्यावर न करता पण करता येतं. दादाने ज्या रेसला नाव दिलं ती त्या मानाने लहान होती, पुण्याच्या बाजूला, शनिवार-रविवार, टू-स्ट्रोकचा वेगळा गट. करोनाच्या आधीची गोष्ट. मी सोबत होतो, पाने पुसायला आणि चिठ्ठ्या सांभाळायला.

शुक्रवारी रात्री गाडी पिकअपमध्ये चढवायची म्हणून दादाने एकदा चालू करून रेस दिली आणि सोडली. आरपीएम खाली येईना. अ‍ॅक्सिलेटर बंद, इंजिन आपलं वरच. दादाने कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरावर थोडं पाणी शिंपडलं, लगेच आवाज बदलला. रबराला चीर. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून घेतलेलं रबर होतं ते. बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट म्हणजे असंच असतं, डबीवर छापलेलं खरं मानायचं आणि देवाला नमस्कार करायचा.

पिकअपवाला बागलाणातला. तो टपावर हात ठेवून म्हणाला, "आते काय करानं?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ती चीर म्हणजे इंजिनात हिशेबाबाहेरची हवा जाणार. हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलसोबतच आत जातं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, उष्णता मात्र जास्त. फुल थ्रॉटलवर पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. पिस्टन जाम झाला की मागचं चाक जाम. ताशी शंभरच्या वर वेग असताना. म्हणूनच जुने आरएक्सवाले डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवून चालवतात. लोकांना ती स्टाइल वाटते.

रात्री दहा वाजता कळवणमध्ये आरएक्सचं रबर मिळणार नव्हतं. दादाने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, रबरावर ताणून गुंडाळली, दोन क्लिपा आवळल्या. पाणी शिंपडून पुन्हा बघितलं, आवाज स्थिर. इथे कुणीही थांबला असता. दादाने त्यानंतर कार्बोरेटर उघडला आणि मेन जेट दोन नंबर मोठा टाकला. म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त. असं केलं की गाडी ढेपाळते, वरच्या आरपीएमला घोगरा आवाज काढते, वेळ जातो. पण पट्टी थोडी सुटलीच, तरी पिस्टन वाचतो. मी विचारलं, किती जाईल? "अर्धा सेकंद तरी जाईल. जाऊ दे."

मला अजूनही वाटतं की त्या वीकेंडची रेस तिथेच झाली. बाकी सगळं नंतरचं.

आमच्या धंद्यातली मंडळी हे लगेच ओळखतील. रिलीजच्या आदल्या रात्री बग सापडतो, मुळातून दुरुस्त करायला वेळ नसतो. तेव्हा दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, "चालतंय ना आत्ता? मग जाऊ दे" म्हणणारी. दुसरी, "बिघडलंच तर कसं बिघडेल?" असं विचारून बिघडण्याची दिशा बदलणारी. दादाने कोडची एक ओळ आयुष्यात पाहिलेली नाही. पण मोठा जेट टाकणं म्हणजे काय ते मला दहा वर्षांच्या नोकरीत त्याच्याइतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. "हळू मरू दे, जाम होऊन नको."

तीनशेच्या वर किलोमीटर. संगमनेर, नारायणगाव, चाकण. पिकअपमध्ये कांद्याची सालं, गाडी मधोमध दोराने बांधलेली. पहाटे पोचलो.

सकाळी तपासणी. याला स्क्रूटिनी म्हणतात आणि तपासणाऱ्याचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो, दहावीच्या बोर्डाच्या सुपरवायझरसारखा. त्याने ब्रेक दाबून पाहिले, चाकं हलवून पाहिली, थ्रॉटल सोडल्यावर झटकन बंद होतो का ते चार वेळा पाहिलं. ट्यूबची पट्टी पाहिली, ओढून पाहिली, काही बोलला नाही. मग चेनपाशी थांबला. चेनच्या लॉकची क्लिप उलटी बसली होती. त्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला असावी लागते, नाहीतर कशाला तरी घासून ती उघडू शकते. दादाच्या गॅरेजमधल्या पोराने गुरुवारी चेन धुऊन बसवली होती. तपासणीस म्हणाला, "सरळ करून आणा, मग स्टिकर." दादाने एक शब्द न बोलता पक्कड काढली. वीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस, पण दुसऱ्याने दाखवलं तर मान हलवायची, ही त्याची पद्धत.

मोठा जेट आणि ट्यूबची पट्टी यांच्यासकट पहिली धाव १६.३ सेकंद. कळवणमध्ये आम्ही मोबाइलवर मोजलेलं साडेपंधराचं स्वप्न होतं, ते तिथेच संपलं. दुसरी १६.४. तिसरी १६.९, आणि ही वेगळी भानगड होती. इंजिन ओरडतंय, गाडी पळत नाहीये. क्लच सुटतोय.

शनिवारी रात्री मोबाइलच्या उजेडात क्लच उघडला. गेअर ऑइल काढलं, किक काढली, कव्हर काढलं. प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. जुन्या दोन प्लेटा दादाने सोबत आणल्या होत्या त्या घातल्या आणि स्प्रिंगांखाली एकेक वायसर टाकला, म्हणजे स्प्रिंग जास्त दाबतो. क्लच इतका जड झाला की मला एका हाताने ओढवेना. पण खरी अडचण वेगळीच झाली. कव्हर काढताना त्याचं पॅकिंग फाटलं. स्पेअर नव्हतं. जाड पुठ्ठ्यातून नवीन कापलं, भोकं पाडली, सिलंट लावून बसवलं आणि रात्रभर सुकायला ठेवलं. आम्ही पिकअपमध्ये झोपलो. झोपलो म्हणजे आडवे झालो.

रविवारी सकाळी तोच तपासणीस. कव्हरच्या खाली बोट फिरवलं, बोट कोरडं. "प्रत्येक रननंतर बघायचं," म्हणाला.

मग समोरासमोरच्या फेऱ्या. दादाच्या शेजारी एक पोरगा आला, त्याची गाडी आमच्यापेक्षा सरळ सरळ चांगली. चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात, म्हणून आकडे पाठ आहेत. त्याची धाव १५.९, रिअ‍ॅक्शन ०.७४. दादाची धाव १६.२, रिअ‍ॅक्शन ०.३१. बेरीज करा. दादा ०.१३ ने पुढे, म्हणजे शेवटच्या रेषेवर दोन गाड्यांच्या लांबीइतका. हळू गाडी जिंकली. मी वेड्यासारखा ओरडत होतो.

दादा गाडी लावून खाली बसला, कव्हरखाली बोट फिरवलं, आणि बोट ओलं निघालं. थेंब नव्हता, नुसता घाम. तपासणीस अजून दोन गाड्या पलीकडे होता. कपड्याने पुसलं असतं तर पुढच्या फेरीपर्यंत कुणाला दिसलंही नसतं. दादा उठला, त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, माझं नाव काढा. पुढच्या फेरीत त्याच्यासमोर जो येणार होता तो एकटाच धावला.

जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं तेव्हा मित्राचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच ना! शेवटी माघारच घेतली. मग गेलात कशाला?"

इथे आमचं खरं भांडण सुरू होतं. त्याच्या डोक्यात गाडीची दोनच रूपं आहेत, फिट आणि अनफिट. दादाच्या डोक्यात बिघाडांची अख्खी उतरंड आहे. काही बिघाड फक्त वेळ खातात: ढेपाळलेलं इंजिन, सुटणारा क्लच, चुकलेलं गेअरिंग. त्यांना घेऊन खुशाल उतरा, तुमचेच सेकंद जातील. काही बिघाड तुम्हाला खातात, जसं जाम होऊ शकणारा पिस्टन, अडकणारा थ्रॉटल, चेन, ब्रेक. त्यांचा काहीतरी बंदोबस्त केल्याशिवाय रेषेपाशी जायचं नाही. आणि काही बिघाड तुमच्या मागून येणाऱ्याला खातात. पट्टीवर सांडलेलं ऑइल तुमच्या चाकाखाली येत नाही, पुढच्या जोडीच्या चाकाखाली येतं. तिथे चर्चा संपते. हे तिन्ही ओळखायचे कसे, हे दादाला गॅरेजमध्ये बसून आलं असतं का? थोडं आलं असतं. पण उतरल्याशिवाय क्लच सुटतोय हेच कळलं नसतं, कारण गल्लीत फिरवताना तो सुटत नव्हता. तो सुटला तिसऱ्या पूर्ण धावेला.

बर्ट मन्रोचं नाव इथे घ्यायलाच हवं. न्यूझीलंडचा म्हातारा, १९२० सालची इंडियन स्काउट. मूळ गाडी ६०० सीसीची, धावून धावून ताशी नव्वदच्या आत. हा माणूस घरच्या शेडमध्ये स्वतः पिस्टन ओतायचा, तुटलेले पार्ट एका फळीवर मांडून ठेवायचा आणि त्या फळीवर 'वेगाच्या देवाला अर्पण' अशा अर्थाची पाटी लिहिली होती. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने हजार सीसीखालच्या गटाचा विक्रम केला, ताशी १८४ मैल, म्हणजे २९६ किलोमीटरच्या आसपास. त्यातही त्या वेळच्या हिशेबात चूक होती, खरा आकडा थोडा जास्त निघाला आणि २०१४ मध्ये तो दुरुस्त झाला. त्याच्यावर २००५ मध्ये सिनेमाही आला, अँथनी हॉपकिन्सचा. सिनेमा बघून लोक जिद्द वगैरे म्हणतात. मला त्या फळीचं जास्त कौतुक आहे. गाडी शंभर टक्के होण्याची वाट पाहिली असती तर फळी रिकामी राहिली असती.

आता जरा कडू विषय.

दादाच्या गॅरेजच्या मागे पत्र्याखाली एक वाकलेली गाडी उभी आहे. शेजारच्या गावातल्या एका पोराची. रात्री रस्त्यावर पैज लावून पळवत होता. त्या गाडीचा पुढचा ब्रेक महिनाभर धरत नव्हता, केबल गेलेली. हे त्याला माहीत होतं, त्याच्या दोस्तांना माहीत होतं, दादाने दोनदा सांगितलंही होतं. पोरगा वाचला, पण आता काठी घेऊन चालतो. घरचे गाडी न्यायला आले नाहीत आणि दादाने ती भंगारात दिली नाही.

तोच ब्रेक घेऊन तो पोरगा कुठल्याही बऱ्या ड्रॅग मीटला गेला असता तर सकाळी नऊ वाजता स्टिकर मिळालं नसतं, चिडून परत आला असता, आणि आज दोन पायांवर चिडलेला असता. रस्त्यावर "नाही" म्हणायचा अधिकार कुणाकडेच नसतो. तिथे दोस्त असतात, आणि दोस्त "काय होतंय रे" म्हणतात. म्हणून माझ्या मताला पहिली आणि सगळ्यात मोठी अट हीच: बिघडलेली गाडी घेऊन उतरायचं ते तपासणीस असलेल्या पट्टीवर. सार्वजनिक रस्त्यावर नवीकोरी गाडी घेऊनही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बरोबर आहे. फक्त तो "इथे नको" एवढंच सांगतो. मग कुठे, याचं उत्तर कळवणच्या पोराला तीनशे किलोमीटरवर मिळतं, तेही वर्षातून एखाद्या वेळी, पिकअपचं भाडं भरून.

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर आला होता. पोरं रस्त्यांवर मरत होती, पेपरवाले आणि पोलीस हैराण. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळाची धावपट्टी वापरून रीतसर, तिकीट लावून ड्रॅग सुरू झाली. पुढच्या वर्षी वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, उद्देश सरळ होता, पोरांना रस्त्यावरून पट्टीवर आणायचं. १९५३ मध्ये पोमोनाला त्यांची पहिली अधिकृत रेस झाली. आज तो अब्जावधींचा धंदा आहे ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथेही पट्टी काही निर्धोक झाली नाही, पण चूक दिसली की नियम बदलायला कुणीतरी जबाबदार होतं. २००८ मध्ये स्कॉट कलिटा धावेच्या शेवटी अपघातात गेला, आणि काही दिवसांतच सगळ्यात वेगवान गटांची धाव पाव मैलावरून हजार फुटांवर आणली गेली. रस्त्यावर कुणी मेलं तर फक्त स्पीड ब्रेकर वाढतो.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं मोटार रेसिंग चाललं. नाशिकला तर 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झालेली आहे, म्हणजे परवानग्या, बंदोबस्त, अ‍ॅम्ब्युलन्स हे सगळं या जिल्ह्याच्या प्रशासनाला जमतं हे सिद्धच आहे. आणि शर्यतीसाठी भांडायचं कसं हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी आणली, तेव्हापासून गावागावांनी, आमदार-खासदारांनी, दोन्ही बाजूंच्या सरकारांनी पाठपुरावा केला. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्का मारला. बैलांसाठी सात वर्षं कोर्टात उभं राहता येतं. पोरांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर सात तास कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. (बैलगाडावाल्यांनी चिडू नका, मी तुमच्याच बाजूचा आहे. सेकंदवाले सगळे एक.)

मागणी काही फार मोठी नाही. साधारण एक किलोमीटर सरळ, गुळगुळीत, बंद करता येणारा रस्ता. ४०२ मीटर धावायला, उरलेलं थांबायला, कारण थांबायला धावण्यापेक्षा जास्त जागा लागते. ज्या एमआयडीसीत रस्ते झालेत आणि कारखाने अजून यायचेत, तिथे असे रस्ते रविवारी मोकळे पडलेले असतात. भाड्याने आणलेली टायमिंग सिस्टीम, दोन अ‍ॅम्ब्युलन्स, कडेला बॅरिकेड्स, आणि एफएमएससीआयच्या नियमांनुसार तपासणी करणारी माणसं. वर्षातून दोन रविवार. कांद्याच्या हंगामात नको, पिकअप मिळत नाहीत.

आणि नियमांत एक गोष्ट घालावी असं मला फार वाटतं. ड्रॅगमध्ये 'ब्रॅकेट' म्हणून एक प्रकार आहे. आपली गाडी किती सेकंदात येईल ते आधी लिहून द्यायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो. लिहिलेल्यापेक्षा लवकर आलात तर सहसा बाद, म्हणजे खोटं लिहून फायदा नाही. यात स्प्लेंडरवाला केटीएमवाल्याशी खेळू शकतो, आणि खोकणारी गाडी धडधाकट गाडीशी. जिंकतो तो ज्याला आपल्या गाडीची आजची तब्येत बरोबर माहीत आहे. पैसा कमी लागतो, डोकं जास्त. कळवण, सटाणा, देवळ्याच्या पोरांसाठी याच्याइतका योग्य प्रकार दुसरा नाही.

मित्राला हेही सांगितलं. तो म्हणाला, आयडिया चांगली आहे, पण त्याच्या गाडीचा मॅप झाल्याशिवाय तो आकडा कसा लिहून देणार? मी म्हटलं, ये तर खरं, पहिल्या धावेला कळेल. दादा गेल्या महिन्यात फोनवर विचारत होता की तुझ्या त्या दोस्ताची गाडी एकदा बघायला मिळेल का. त्याला तिचा क्लच उघडायचाय. मी अजून मित्राला सांगितलेलं नाही.